शून्य अक्षरांची सनद

जुन्या महसुली दफ्तरांत ‘मामूल’ आणि ‘वहिवाट’ हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदत. परंतु ज्यांनी ती दफ्तरे चाळली आहेत त्यांना या दोहोंतील अंतर ठाऊक असते. शिरस्त्याने चालत आलेले, कोणी न सांगता लागू होणारे ते मामूल; आणि एखाद्याने प्रत्यक्ष कसून, वापरून, वर्षानुवर्षे आपल्या अंमलात ठेवलेली ती वहिवाट. मामूल सर्वांना सारखे असते, वहिवाट ज्याची त्याची असते, आणि दोहोंचा तंटा पडला म्हणजे कागद कोणाचा आणि अंमल कोणाचा हे तपासावे लागते. संगणकाच्या धंद्यात ज्याला आज सारे ‘डिफॉल्ट’ म्हणतात ते हे मामूलच, आणि ज्याला ‘सेटिंग’ म्हणतात ती वहिवाट. आज्ञावली लिहिणाऱ्या लोकांनी ही वहिवाट कशी निर्माण केली, तिच्या रक्षणासाठी कोणते कायदे बांधले, आणि २०१७ साली एका नामांकित एडिटरच्या नव्या आवृत्तीत ती त्या कायद्याचा एकही शब्द न मोडता कशी बुडाली, याची हकीकत मला सविस्तर सांगावीशी वाटते. कारण या धंद्याचा इतिहास लिहिणारे यंत्रांच्या वेगाचे आणि कंपन्यांच्या उत्कर्षाचे वर्णन मन लावून करतात, परंतु काम करणाऱ्याच्या हाताला जे वळण पडते त्याची दखल त्यात क्वचितच घेतली जाते.

वहिवाटीला आधी जमीन लागते. १९५० नंतरच्या दशकात आज्ञावली लिहिणारा मनुष्य आपले काम छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात बांधून यंत्रशाळेच्या खिडकीत देई आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील कागद घेऊन जाई. यंत्राशी त्याची समक्ष गाठच पडत नसे, आणि म्हणून यंत्रावर आपली आवडनिवड नोंदून ठेवण्यास त्याला जागाही नसे. ही जागा मिळाली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली रचलेल्या, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये प्रथम चालवून दाखवलेल्या, ‘सीटीएसएस’ या प्रणालीवर. एकच यंत्र अनेकांना आळीपाळीने, पण इतक्या त्वरेने वाटून द्यावयाचे की प्रत्येकाला ते आपल्या एकट्याच्याच सेवेत आहे असे वाटावे, ही तिची कल्पना. आणि ती साधताच प्रत्येकाच्या नावे एक खाते व त्या खात्यात त्याच्या स्वतःच्या फाइली आल्या. तेथे फ्रान्समधून आलेल्या लुई पूझां यांनी १९६३-६४ च्या सुमारास ‘रनकॉम’ नावाची एक सोय लिहिली: वारंवार द्याव्या लागणाऱ्या आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहून ठेवावयाच्या, आणि त्या फाइलीचे नाव घेताच यंत्राने त्या क्रमवार बजावावयाच्या. बॅशआरसी, विमआरसी अशा नावांच्या शेवटी आज जी ‘आरसी’ ही दोन अक्षरे येतात, ती या रनकॉमचीच उरलेली खूण होय. रोज ती अक्षरे लिहिणाऱ्या माझ्या कित्येक सहकाऱ्यांना त्यांचा अर्थ विचारला असता ते थबकतात. पण गावाच्या नावाचा अर्थ गावकऱ्याला सांगता आला नाही म्हणून त्याचे गावपण कमी होत नाही.

या फाइलींच्या नावाआधी जे टिंब असते त्याची कथा निराळी आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून उभारलेल्या युनिक्समध्ये प्रत्येक निर्देशिकेत एक टिंब आणि दोन टिंबे अशा दोन नोंदी असतात; पहिली त्या निर्देशिकेची स्वतःची, दुसरी तिच्या वरच्या निर्देशिकेची. फाइलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत या दोन नोंदींची अडगळ नको म्हणून अशी तपासणी घालण्यात आली की ज्या नावाचे पहिले अक्षर टिंब असेल ते नाव गाळावे. संपूर्ण नाव ताडून पाहण्यापेक्षा एक अक्षर पाहणे सोपे होते. पुढे त्याच संस्थेत काम केलेल्या रॉब पाइक यांनी ही हकीकत सांगितली आहे, आणि त्यांच्या मते ती एक चूकच होती, कारण तिच्यामुळे टिंबाने सुरू होणारे कोणतेही नाव अदृश्य झाले आणि पुढच्या काळात ज्या त्या आज्ञावलीने आपल्या फाइली त्या आडोशाला आणून टाकल्या. चूक असेल, परंतु त्या आडोशालाच आवडीनिवडी जतन करण्याची प्रथा वाढली, हेही खरे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील बोर्न शेल प्रत्येकाच्या घरातील, म्हणजे त्याच्या स्वतःच्या निर्देशिकेतील, ‘प्रोफाइल’ नावाची टिंबाआडची फाइल वाचून मगच कामाला लागे. बर्कलीच्या बिल जॉय यांनी लिहिलेला सी शेल ‘सीएसएचआरसी’ वाची, आणि त्यांचाच ‘व्हीआय’ हा एडिटर ‘ईएक्सआरसी’ वाची.

व्हीआयची एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जॉय ज्या टर्मिनलवर काम करीत ते लिअर सीग्लर कंपनीचे एडीएम-३ए. त्याच्या कळफलकावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या, तर एच, जे, के आणि एल या चार अक्षरांच्या कळांवरच डावा, खालचा, वरचा आणि उजवा असे बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये कर्सर हलवण्यास हीच चार अक्षरे आली. ते टर्मिनल केव्हाच भंगारात गेले, बाणांच्या कळा प्रत्येक कळफलकावर आल्या, आणि तरीही ज्यांच्या उजव्या हाताची बोटे या चार कळांवर एकदा बसली ती आजतागायत तेथून उठलेली नाहीत. हाताच्या सवयीचे बळ किती असते याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. आणि या बळाचा विचार न करता जो कोणी दुसऱ्याच्या हत्याराची मूठ बदलतो, तो त्याला किती इजा करतो याचाही नाही.

अर्थात वहिवाटीचाही अतिरेक होतो. त्याच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ‘टेको’ नावाचा एडिटर होता, ज्यात प्रत्येकाने आपापल्या सोयीच्या संक्षिप्त आज्ञा रचून घेतल्या होत्या. आणि त्या रचनांचे संच इतके भिन्न झाले की एकाच्या टर्मिनलवर बसून दुसऱ्याला काम करणे दुरापास्त झाले. या बजबजपुरीतून एक समान आज्ञासंच तयार करण्याचे काम १९७६ मध्ये गाय स्टील यांनी हाती घेतले, रिचर्ड स्टॉलमन यांनी ते तडीस नेले, आणि त्यातून ‘ईमॅक्स’ जन्मास आला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मामूल ही काही दुष्ट गोष्ट नव्हे. अनेकांना एकत्र काम करता यावे म्हणून ते लागते, आणि जे या धंद्यात नवे आहेत त्यांना तर तेवढाच आधार असतो. ईमॅक्सनेही शेवटी एक समान भूमी दिली, पण तिच्यावर प्रत्येकाला आपले घर बांधण्याची मुभाही ठेवली, आणि ते घर पुन्हा टिंबाआडच्या एका फाइलीतच राहिले.

आता कायद्याकडे येतो. संगणकावरील आज्ञावली एकदा बसवून संपत नाहीत. त्यांच्या नव्या आवृत्त्या येत राहतात, आणि नवी आवृत्ती आपल्याबरोबर नवी मामूल फाइल आणते. जुन्या फाइलीत मालकाने फेरफार केले असतील तर त्यांचे काय करावयाचे? इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या डेबियन प्रकल्पाने या प्रश्नाला जे उत्तर दिले ते मला या धंद्यातील न्यायबुद्धीचा एक उत्तम नमुना वाटते. डेबियनचा ‘डीपीकेजी’ हा कारभारी प्रत्येक सेटिंग-फाइल बसवताना तिचा एक ३२ अक्षरांचा ठसा काढून आपल्या दप्तरी ठेवतो. नवी आवृत्ती आली म्हणजे तो तीन ठसे ताडून पाहतो: मागे बसवलेल्या फाइलीचा, आज प्रत्यक्ष यंत्रावर असलेल्या फाइलीचा, आणि नव्याने आलेल्या फाइलीचा. मालकाने काहीच बदलले नसेल तर नवी फाइल निमूटपणे बसते. मालकाने बदलले असेल आणि वरून आलेल्या फाइलीत बदल नसेल तर मालकाची फाइल निमूटपणे राहते. आणि दोन्हीकडे बदल झाले असतील तर कारभारी काम थांबवून विचारतो, की आपली ठेवू, नवी घेऊ, की दोहोंतील फरक दाखवू? उत्तरादाखल नुसती एन्टरची कळ दाबली तर मालकाचीच फाइल कायम राहते. याहून सूक्ष्म गोष्ट अशी, की मालकाने एखादी सेटिंग-फाइल पुसूनच टाकली असेल, तर तिचा अभाव हाही त्याचा निर्णय समजून डीपीकेजी ती पुन्हा आणून बसवत नाही. रेड हॅटच्या पंथात ‘आरपीएम’ हा कारभारी वेगळ्या रीतीने चालतो, नको असलेली प्रत निराळ्या नावाने बाजूला ठेवतो. परंतु उद्देश तोच. डेबियनच्या धोरणपत्रात तर स्थानिक फेरफार नव्या आवृत्तीच्या वेळी अबाधित राहिलेच पाहिजेत असे स्पष्ट कलम आहे.

इतका कायदा असताना जे घडले ते ‘विम’च्या बाबतीत घडले. ब्रॅम मोलेनार या डच गृहस्थांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी प्रसिद्ध केलेला हा एडिटर व्हीआयचा वारस. आणि वारसाला शोभेल असे एक बंधन त्यांनी आपल्यावर घालून घेतले होते. ज्याच्या घरात ‘विमआरसी’ ही फाइल नसेल त्याच्यापुढे विमने शक्य तितके जुन्या व्हीआयसारखे वागावे, आणि ती फाइल दिसली की आपल्या नव्या सुधारणा खुल्या कराव्यात, असा त्याचा शिरस्ता होता. म्हणजे फाइलीत काय लिहिले आहे हे वाचण्याआधीच, ती आहे की नाही एवढ्यावरून, विम माणसाची पारख करीत असे. फाइल नाही, म्हणजे हा जुना व्हीआयवाला आहे, त्याला त्रास देऊ नये; असा त्या पारखेचा अर्थ होता.

पुढे काळ बदलला. जुने व्हीआयवाले थोडे राहिले आणि फाइल नसलेला मनुष्य म्हणजे बहुधा एखादा नवशिका विद्यार्थी, असे दिसू लागले. त्याच्यापुढे विम उघडला की अक्षरांना रंग नाहीत, आधी लिहिलेला मजकूर बॅकस्पेसने पुसत नाही, शोध घेताना काही उजळत नाही. आणि तो बिचारा हताश होऊन निघून जाई. म्हणून १२ सप्टेंबर २०१६ रोजी प्रसिद्ध झालेल्या विम ८.० मध्ये ‘डिफॉल्ट्स.विम’ नावाची एक नवी फाइल आली. घरात विमआरसी सापडली नाही तर विमने ती वाचावी. आणि तिने रंग चालू करावेत, बॅकस्पेस शहाणा करावा, कर्सरच्या वर-खाली ५ ओळी दिसत्या ठेवाव्यात, मागील २०० आज्ञा लक्षात ठेवाव्यात, आणि माउस एडिटरच्या ताब्यात द्यावा. हेतू सर्वथा स्तुत्य होता. फाइल नसण्याचा अर्थ मात्र पार पालटला: काल ज्याला जुना जाणकार समजत, त्याला आज नवशिका समजू लागले.

१७ जून २०१७ रोजी डेबियनची ‘स्ट्रेच’ ही ९ वी आवृत्ती आली, तिच्यात विम ८.० होता, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या ॲडमिन लोकांच्या हातून एक काम एकाएकी निसटले. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने शिरायचे, विममध्ये फाइल उघडायची, हवी ती ओळ माउसने ओढून निवडायची आणि आपल्या समोरच्या संगणकावर दुसऱ्या खिडकीत चिकटवायची, हे ज्यांनी हजारदा केले होते, त्यांच्यापुढे आता ओळ निवडताच पडद्याच्या तळाशी ‘व्हिज्युअल’ असा शब्द उमटू लागला आणि चिकटवू गेले तर तेथे जुनाच मजकूर येऊ लागला. कारण असे, की पूर्वी माउसची ओढ टर्मिनलच्या हाती राही. आता टर्मिनल ती एसएसएचच्या मार्गाने सर्व्हरवरील विमकडे धाडू लागले, आणि विमने तेथे निवडलेला मजकूर तेथेच राहिला. शिफ्टची कळ दाबून ओढले तर बहुतेक टर्मिनलांवर जुनी रीत चाले. परंतु हे ज्याला माहीत नाही त्याने काय करावे?

जाणत्या ॲडमिनने काय केले असेल ते उघड आहे. संपूर्ण यंत्राला लागू होणाऱ्या सेटिंग्जसाठी डेबियनने इटीसी निर्देशिकेत विमआरसीची एक सामायिक फाइल ठेवलेली आहे. विमबरोबर येणारी दुसरी फाइल प्रत्येक आवृत्तीत नव्याने लिहिली जाते म्हणून आपले फेरफार येथे करावेत, असे त्या फाइलीच्या माथ्यावर सांगितलेलेही आहे. आणि तीच फाइल पुढे ‘विमआरसी.लोकल’ नावाची आणखी एक, केवळ त्या जागेच्या उपयोगाची फाइल असेल तर तीही वाचते. ॲडमिनने तेथे माउस बंद करण्याची एक ओळ लिहिली, विम पुन्हा उघडला, आणि माउस पूर्ववत विमच्याच ताब्यात. ओळ बरोबर आहे, फाइल बरोबर आहे, डीपीकेजीने तिला बोटही लावलेले नाही. आणि तरी तिचा अंमल नाही. इतकेच काय, ज्यांनी त्या फाइलीत मागील १००० आज्ञा लक्षात ठेवाव्यात असे लिहिले होते त्यांना २०० मिळत होत्या, आणि ज्यांनी रंग बंद केले होते त्यांच्यापुढे रंग उधळलेले होते.

अशा प्रसंगी विम स्वतःच साक्ष देतो. ‘व्हर्बोज सेट माउस’ आणि पुढे प्रश्नचिन्ह, एवढी आज्ञा दिली की तो सेटिंगची सध्याची किंमत सांगतो आणि खालच्या ओळीत ती शेवटी कोणत्या फाइलीने ठरवली तिचा पत्ता छापतो. त्या ओळीत यूएसआर, शेअर, विम, विम८० अशा निर्देशिका ओलांडून शेवटी नाव येई ते डिफॉल्ट्स.विमचे. वाचलेल्या फाइलींची क्रमवारी दाखवणारी ‘स्क्रिप्टनेम्स’ ही दुसरी आज्ञा उरलेला उलगडा करी: प्रथम इटीसीतील सामायिक फाइल, मग तिने बोलावलेल्या फाइली, मग घरातील विमआरसी शोधली, ती मिळाली नाही, आणि म्हणून सर्वांत शेवटी डिफॉल्ट्स.विम. ज्याचा हुकूम शेवटी वाचला जातो त्याचाच अंमल चालतो. आणि येथे मामूल हे वहिवाटीच्या नंतर वाचले जात होते.

हा बिघाड एखाद्या चुकलेल्या ओळीचा नव्हता, आणि म्हणूनच तो मला इतका विचार करावयास लावतो. डिफॉल्ट्स.विममधील प्रत्येक ओळ आपापल्या जागी शुद्ध आहे. तिच्या कर्त्यांना बाजूच्या धोक्यांची जाणीवही होती, कारण व्हीआयशी सुसंगत वागण्याचे कलम चालू-बंद केले म्हणजे इतर कितीतरी सेटिंग्ज आपोआप पालटतात हे जाणून, ते कलम आधीच बंद असेल तर त्याला हात लावू नये, अशी तजवीज त्यांनी तेथे केली आहे. चुकला तो अनुपस्थितीचा अर्थ. माझ्या घरात फाइल नाही, याचा अर्थ मी काहीच ठरवलेले नाही असा विमने केला. परंतु जो ॲडमिन पन्नास जणांसाठी एकदाच सामायिक फाइलीत लिहितो, तो प्रत्येकाच्या घरी निराळी फाइल का ठेवील? त्याने ठरवले होते, नोंदले होते, योग्य त्या दप्तरात नोंदले होते. डीपीकेजी पुसलेल्या फाइलीच्या अभावालाही मान देतो आणि विम लिहिलेल्या फाइलीच्या अस्तित्वालाही देत नाही, हे दोन कारभारी एकाच यंत्रावर एकाच वेळी नांदत होते. ज्या कलमाने फाइल अबाधित ठेवण्याची हमी दिली, त्याने तिच्या अंमलाची हमी दिलेली नव्हती. आणि कागद शाबूत असताना हक्क जाणे ही दुःखद गोष्ट जमिनीच्या दाव्यांत आमच्या पूर्वजांनी पुष्कळ पाहिलेली आहे.

पुढे दुरुस्त्या झाल्या. सामायिक फाइलीत एक विशिष्ट चिन्ह मांडले तर डिफॉल्ट्स.विम वाचलीच जात नाही, ही सोय विममध्ये होतीच. डेबियनने आपल्या सामायिक फाइलीत ते चिन्ह मांडण्याची ओळ निष्क्रिय स्वरूपात लिहून ठेवली, आणि डिफॉल्ट्स.विम नंतर वाचली जात असल्यामुळे ती येथील सेटिंग्जवर मात करते, हे तिच्यावरच्या टिपणात स्वच्छ नमूद केले. विमनेही नंतरच्या आवृत्त्यांत माउसचा हव्यास थोडा आवरला: एक्सटर्म जातीच्या टर्मिनलांत शिफ्टची कळ उपयोगी पडते म्हणून तेथे तो पूर्ण ठेवला, आणि इतरत्र आज्ञेच्या ओळीवर असताना माउस टर्मिनलकडे परत जाईल असे केले. वाचनाचा क्रम मात्र तोच राहिला. मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी निवर्तले. युगांडातील गरीब मुलांसाठी मदत मागणारी त्यांची ओळ नुसता विम उघडला की अजूनही दिसते, आणि डिफॉल्ट्स.विमही आपल्या जागी आहे.

या सर्वांत सोपा जो उपाय निघाला त्याचा मला आजही विस्मय वाटतो. घरात विमआरसी असली की डिफॉल्ट्स.विम वाचली जात नाही, आणि त्या फाइलीत काही लिहिलेले असलेच पाहिजे असे मुळीच नाही. ‘टच’ या आज्ञेने त्या नावाची एक रिकामी फाइल निर्माण केली, तरी विम तिला पाहतो, घर वहिवाटीत आहे असे मानतो, आणि सामायिक फाइलीतील ॲडमिनची प्रत्येक ओळ पुन्हा अंमलात येते. इटीसी निर्देशिकेत ‘स्केल’ नावाचा एक कप्पा असतो. नवे खाते उघडले म्हणजे त्यातील फाइलींची नक्कल नव्या घरात आपोआप उतरते. मी ज्या यंत्रांची देखभाल करतो त्यांच्या त्या कप्प्यात अशी एक रिकामी विमआरसी ठेवलेली आहे. लपलेल्या फाइलींसह सविस्तर यादी मागितली की ती दिसते: डावीकडे परवानग्यांची अक्षरे, मग मालकाचे आणि गटाचे नाव, आकाराच्या रकान्यात ०, त्यापुढे तारीख आणि वेळ, आणि ओळीच्या शेवटी टिंबामागून तिचे नाव.